चाळीतील चूल आणि वाण्याची वही

मे १९२१ ते एप्रिल १९२२ या वर्षात मुंबई सरकारच्या नव्याने स्थापन झालेल्या कामगार कार्यालयाने चाळीचाळींतून कामगारांच्या घरखर्चाची टिपणे गोळा केली. कार्यालयाचे प्रमुख जी. फिंडले शिरास यांनी १९२३ साली ती अहवालरूपाने प्रसिद्ध केली. २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या कामगारांचे जमाखर्च त्यात आहेत. आकड्यांनी गच्च भरलेला हा ग्रंथ चूल सांभाळणाऱ्या बाईच्या बाजूने वाचला, तर निराळाच बोलू लागतो.

कुटुंबात सरासरी चार माणसे. महिन्याची मिळकत सुमारे ५२ रुपये. एकूण खर्चापैकी ५६.८ टक्के अन्नावर. मिळकतीतील पै न् पै खर्च झाली असे धरले, तरी अन्नासाठी दिवसाला फार तर एक रुपया, म्हणजे माणशी चार आणे. त्यातच दोन्ही वेळचे धान्य, डाळ, तेल, मीठमिरची, चहा, गूळ आणि लेकरांचे दूध! जळणाचा खर्च याहून वेगळा. कामगाराच्या वाट्याला दुष्काळी कामांवर मिळे तेवढे धान्य येई. पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या आहारापेक्षा ते कमीच भरे, असे अहवालातच नमूद आहे. दिवसभर मागावर राबणारा माणूस आणि त्याची वाढत्या वयाची मुले यांच्याविषयी हे लिहिले आहे.

गरिबाला काटकसर कळत नाही, असे आपण सहज बोलून जातो. दारूपायी काही घरांची धूळधाण झाली, हेही खरेच. परंतु या जमाखर्चातील खरी अडचण पगाराच्या तारखेत होती. अनेक गिरण्यांत महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेस हाती पडे. नवा कामगार दीड महिना राबल्यावर पहिला पैसा पाही. तोवर घर चाले ते वाण्याच्या उधारीवर. वही एकदा सुरू झाली, की दुसरीकडे स्वस्त तांदूळ मिळत असला तरी तिकडे जाण्याची सोय उरत नसे. भाव आणि माप दोन्ही वाण्याचे. अहवालानुसार ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती आणि कर्ज साधारणतः अडीच महिन्यांच्या कमाईएवढे होते. व्याज बहुधा रुपयामागे महिना एक आणा; साधा हिशोब केला तरी वर्षाला शेकडा ७५! त्या घरांत अन्नाआधी व्याजाचा वाटा काढावा लागे.

मग बायका काय करीत? कोकणातून किंवा घाटावरून गावचे धान्य आले, तर महिना निभे. कित्येक जणी एकट्या कामगारांना जेवू घालीत. त्यांच्या भाकरीसोबत आपल्या मुलांचीही भाजली जाई. गिरणगावातील खानावळींचा पाया हाच.

१९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगाराला मुदत घातली. हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात सातव्या दिवसाच्या आत आणि इतरत्र दहाव्या दिवसाच्या आत तो द्यावा, असे ठरले. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि ठरलेल्या भावाचे धान्य मिळू लागले; मात्र शिधा घेण्यापुरते रोख पैसे घरात असावे लागत. खानावळ चालवणाऱ्या बाईला सावकारावाचून धान्य भरता यावे, ही गोष्ट त्याहून कितीतरी उशिरा घडली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारापर्यंत नेले. बाईजवळ तारण ठेवायला काही नव्हते. तिचे जेवणारे रोज येतात आणि पगार झाला की पैसे देतात, एवढीच तिची पत होती.