न लिहिलेली वेळ

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. पालघर त्याच्या बरेच पश्चिमेला, ७२.८ अंशांच्या आसपास आहे. अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यातला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे चालतो. तिथली माध्यान्ह सरासरीने बारा वाजून ३९ मिनिटांनी होते. ही ३९ मिनिटे एका जुन्या वादाचा अवशेष आहेत, आणि त्याच वादाचे आजचे रूप संगणकाच्या भाषांमध्ये पाहायला मिळते, असे आम्हांस वाटते.

मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. पालघरच्या सूर्याशी ती जवळजवळ तंतोतंत जुळे. रेल्वेने मात्र १८७० पासून मद्रासची वेळ धरली, म्हणजे गावापेक्षा गाडी अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांवर मद्रासची वेळ लादून पाहिली. १८८३ मध्ये सरकारला ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ रोजी साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली, तेव्हा गिरणी कामगारांनी विरोध केला. तो निव्वळ हट्ट नव्हता. जानेवारीत सूर्योदय नव्या घड्याळाप्रमाणे सव्वासातच्या सुमारास होतो, जुन्याप्रमाणे साडेसहाच्या. भोंग्याचा आकडा तोच ठेवला, तर कामगाराला ३९ मिनिटे अधिक अंधारात उठावे लागणार होते. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

म्हणजे अर्धशतकभर या शहरात नुसते ‘सात वाजले’ म्हणणे पुरेसे नव्हते. कोणाचे सात, हे ऐकणाऱ्याने गृहीत धरायचे. संगणकाच्या परिभाषेत यालाच ‘डिफॉल्ट’ म्हणतात: लिहिणारा जिथे गप्प राहिला, तिथे त्याच्या वतीने दुसऱ्याने घेतलेला निर्णय. असा निर्णय बदलणे अवघड असते, कारण त्याच्या भरवशावर तोवर अनेकांनी आपले व्यवहार मांडलेले असतात.

जावास्क्रिप्टचा इतिहास याची साक्ष देतो. तारीख-वेळ लिहिली पण कालविभाग लिहिला नाही, तर ती जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, समजावी असे २००९ च्या प्रमाणकाने ठरवले. २०१५ मध्ये ती स्थानिक समजावी असे ठरले. पण नुसती तारीख यूटीसी मानून लिहिलेला मजकूर जगभर पसरला होता. तेव्हा २०१६ मध्ये तडजोड झाली: नुसती तारीख यूटीसी, वेळेसह लिहिलेली तारीख स्थानिक. तर्काला हे पटत नाही, पण १८८३ ची माघार ज्याला समजली त्याला हेही समजेल. या तडजोडीमुळे नुसती लिहिलेली तारीख पालघरच्या संगणकावर त्याच दिवशीचे पहाटेचे साडेपाच होते आणि चूक लक्षातही येत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र आदला दिवस दिसतो.

बहुतेक संगणकभाषा ज्या कालविभाग-कोशावर विसंबतात, त्यात मुंबईचे नावच नाही. भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ एवढी एकच नोंद आहे. जुने ‘एशिया/कलकत्ता’ हे नाव बाद न करता ‘बॅकवर्ड’ नावाच्या फाइलीत जपले आहे. ही दूरदृष्टीच म्हणावी लागेल. परंतु हा कोश १९७० नंतरच्या काळासाठी रचलेला आहे. १९०० सालच्या पालघरच्या जन्मवेळेवरून कोणी कुंडली मांडू लागला, तर कोश ती मद्रासच्या वेळेतली समजेल. नोंद मुंबईच्या वेळेतली असेल, तर अर्ध्या तासाची चूक होते. लग्नरास बदलायला कधी तेवढीही पुरते. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळे तासभर पुढे होती, हे कोशाला ठाऊक आहे; घरच्या वहीत कोणती वेळ लिहिली, हे मात्र त्याला कसे ठाऊक असणार?

यात केवळ भूतकाळ गुंतलेला नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याची हजेरी यूटीसीवर चालणाऱ्या संगणकात नोंदली जाते, असे समजू. महिन्याच्या एक तारखेला रात्री एक वाजता आलेला कामगार त्या संगणकाच्या लेखी आदल्या दिवशी साडेसातला, म्हणजे आदल्या महिन्यात आलेला असतो. प्रणाली लिहिणाऱ्याने कालविभाग न लिहिल्याची किंमत अशा वेळी रात्रपाळीचा माणूस मोजतो. १९०६ मध्येही ती गिरणीतल्या माणसानेच मोजली होती.

म्हणून जुन्याशी सुसंगती राखणे म्हणजे जुनाट वृत्ती, हे मत आम्हांस मान्य नाही. आपल्या शब्दावर विसंबलेल्यांचे ते ऋण आहे. मात्र ते फेडताना नव्या लिखाणात तरी मौन ठेवू नये. वेळ लिहिताना ती कोणत्या घड्याळाची, हे शेजारी लिहावे. मुंबईच्या त्या पन्नास वर्षांतल्या नोंदी आज वाचताना नेमकी हीच दोन अक्षरे हाती लागत नाहीत.