पुढचा भाग कधी?

समजा, तुम्ही अर्धापूरला राहता. घरची केळी आणि हळद, कॉलेज नांदेडला. रात्री जेवणं झाली की मोबाईलवर चित्रं काढता. चार चौकटींची एक चित्रकथा सुचते. ती तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकता आणि मित्रांना आवडते. पहिल्या आठवड्यात पाच भाग होतात, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एक. मग परीक्षा येते आणि त्यानंतर काहीच येत नाही. सुरुवातीला मित्र विचारतात, "पुढचं कधी टाकायलास रे?" महिनाभराने विचारायचं थांबतात.

बऱ्याच चित्रकथा इथंच संपतात. चित्रं वाईट असतात किंवा गोष्ट फसलेली असते म्हणून नव्हे. पुढचा भाग कधी येणार, हे सुरुवातीला कुणी ठरवलेलंच नसतं.

हा प्रश्न मोबाईलसोबत आला असं वाटतं, पण मराठीत तो जवळपास दोनशे वर्षांचा आहे. चित्रकथा नंतर आल्या. त्याआधी वर्तमानपत्रं, निबंध, पत्रं आणि क्रमशः कादंबऱ्या याच प्रश्नाशी झगडल्या. त्यांनी काय ठरवलं आणि त्याची काय किंमत मोजली, हे आज बोटाने चित्रं काढणाऱ्याच्या थेट कामाचं आहे.

आधी पंधरा दिवस, मग आठवडा

बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' काढलं, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. पहिलं मराठी वर्तमानपत्र पाक्षिक होतं. पानावर दोन स्तंभ असत, एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी. म्हणजे मजकुराचं काम दुप्पट. एकेक खिळा हाताने जुळवायचा आणि एकेक कागद हाताने छापायचा. चार महिन्यांनी, 4 मे 1832 पासून, 'दर्पण' साप्ताहिक झालं.

इथला क्रम बघण्यासारखा आहे. जांभेकरांनी आधी कमी वेगाने सुरुवात केली, हात बसल्यावर वेग वाढवला. आपण बहुतेक जण उलटं करतो. पहिल्या आठवड्याच्या उत्साहात रोजचा वायदा करून बसतो आणि मग तो मोडत जातो. वाचकाला पंधरवड्याचं आठवड्यावर आलेलं आवडतं. रोजचं आठवड्यावर आलं की मात्र त्याला वाटतं, आता हे बंद पडणार.

नोकरी सांभाळून

पुढचं उदाहरण नोकरी करून लिहिणाऱ्याचं आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. 1848 मध्ये, पंचविशीत, त्यांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं लिहायला सुरुवात केली. 1850 पर्यंत अशी 108 पत्रं झाली. हीच 'शतपत्रे'. हिशेब केला तर जवळपास दर आठवड्याला एक पत्र पडतं.

नोकरी करून हे जमलं, त्यात पत्राच्या आकाराचा वाटा मोठा होता. प्रत्येक पत्र छोटं, विषय एकच, आणि ते तिथल्या तिथे पूर्ण. मागचं पत्र चुकलेल्या वाचकालाही आजचं समजायचं. एका पत्रात जातिभेदावर कोरडे ओढले, पुढच्यात वेगळाच विषय घेतला. कामाचा तुकडा एका बैठकीत संपेल एवढा ठेवला तर आठवडा पुरतो, हे त्यांनी करून दाखवलं.

विष्णुशास्त्री चिपळूणकरही नोकरदारच, सरकारी शाळेत शिक्षक. त्यांना लिहायचे होते लांबलचक, पल्लेदार निबंध. आठवड्यात तो घाट बसला नसता. 1874 मध्ये त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केलं आणि जवळपास एकट्याने त्याचे 84 अंक लिहिले. मोठा विषय असेल तर तो पुढच्या अंकांत चालू राही. 4 जानेवारी 1881 रोजी, मंगळवारी, 'केसरी' निघाला. त्यामागच्या मंडळींत चिपळूणकर होते. 'केसरी'चा जीव आठवड्याचा होता आणि 'माले'चा महिन्याचा. माणूस तोच असला तरी लेखन वेगळं म्हणून मुदतही वेगळी.

चित्रकथेलाही हे लागू पडतं. विनोदाच्या चार चौकटी आणि वीस पानांची युद्धकथा यांना एकच वेळापत्रक लावता येत नाही.

दर आठवड्याला कादंबरी

हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि पंचवीसहून जास्त वर्षं चालवलं. 'पण लक्षांत कोण घेतो' ही यमूची गोष्ट मराठी घरांनी आधी त्यात तुकड्यातुकड्यांनी वाचली. याच काळात हरिभाऊ आनंदाश्रम संस्थेचं व्यवस्थापन बघत होते आणि पुणे नगरपालिकेतही वावरत होते.

आठवड्याच्या मुदतीने त्यांना वाचक दिले. आज आपण ज्याला मालिकेचं व्यसन म्हणतो, ते मराठीत त्यांच्या पिढीने अनुभवलं. पण मुदतीने वसुलीही केली. त्यांच्या कादंबऱ्या पाल्हाळिक आहेत, अशी तक्रार समीक्षकांनी पुढे बरीच केली. दर आठवड्याला रकाना भरायचा म्हटलं की गोष्ट लांबणारच. आणि 'कर्मयोग'सारखी कादंबरी अपुरी राहिली ती राहिलीच.

म्हणून क्रमशः गोष्ट सुरू करणाऱ्याने पहिला भाग टाकण्याआधी एवढं तरी ठरवावं की गोष्ट साधारण किती भागांची आहे. शेवट माहीत नसेल तर मुदत गोष्टीला कुठंही ओढत नेते.

कायद्यातला वार

छापील जगात हा निर्णय लेखकाच्या एकट्याच्या हातात नव्हता. 1867 च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याखाली प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र द्यावं लागे. नियतकालिक दैनिक आहे, साप्ताहिक आहे की मासिक, हे त्यात सांगावं लागे. त्यात पुढे आलेलं एक कलम फार बोलकं आहे. दैनिक, साप्ताहिक किंवा पाक्षिकाने तीन महिन्यांत जितके अंक काढायला हवेत, त्याच्या निम्म्याहून कमी काढले तर घोषणापत्र रद्द. पुन्हा सुरू करायचं तर नव्याने घोषणा करायची.

टपालखात्याचाही नियम होता. 1898 च्या टपाल कायद्यानुसार स्वस्त दराने जाणाऱ्या वृत्तपत्राच्या दोन अंकांत 31 दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नसे. वर्गणीदारांची खरी यादीही लागे. म्हणजे टपालाच्या या सवलतीत महिना ही शेवटची हद्द होती.

आज हे दोन्ही जुने कायदे जाऊन नवे आले आहेत आणि मोबाईलवरच्या चित्रकथेला अशा घोषणापत्राची गरज पडत नाही. पण 'निम्मे' हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. माणसं आजारी पडतात, यंत्रं बिघडतात, हे कायद्यालाही मान्य होतं. एखादा अंक चुकला म्हणून त्याने कुणाला मारलं नाही. निम्मे अंक चुकले, तर मात्र तुम्ही सांगितलेली मुदत खोटी आहे, असं तो म्हणत होता.

मराठवाड्याचा अनुभव

आपल्या भागात तर अंक निघणं हेच मोठं काम होतं. अर्धापूर, नांदेड हा सगळा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी पत्राला परवानगी मिळणं अवघड, मिळालेली टिकणं त्याहून अवघड. आ. कृ. वाघमारे यांनी 1937 मध्ये 'मराठवाडा' हे साप्ताहिक सुरू केलं. त्यावर बंदी आली, की नाव बदलून पुन्हा अंक काढायचा, असं ते चालत राहिलं. पुढे अनंत भालेराव संपादक झाले. 1968 मध्ये 'मराठवाडा' दैनिक झालं. साप्ताहिकापासून दैनिकापर्यंतचा हा प्रवास एकतीस वर्षांचा आहे.

आपल्याला दोन महिन्यांत रोजचं व्हायचं असतं, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

रविवार आणि रोज

आता थेट चित्रांकडे येऊ. बाळ ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत यांनी 13 ऑगस्ट 1960 रोजी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक काढलं. त्याच्या मधल्या जोडपानावर 'रविवारची जत्रा' असे. आठवड्याचं राजकारण एकाच पसरट चित्रात, गर्दी करून मांडलेलं. एवढं भरगच्च चित्र रोज काढणं शक्य नाही आणि रोज वाचणंही शक्य नाही. त्याला आठवडाच हवा.

त्याच्या दुसऱ्या टोकाला 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा मुलगा 21 नोव्हेंबर 1991 रोजी 'सकाळ'मध्ये आला आणि पुढे वर्षानुवर्षं रोज येत राहिला. रोज येण्यासाठी काय काय करावं लागतं, ते 'चिंटू'त स्पष्ट दिसतं. एक, काम दोघांत वाटलेलं. दोन, चौकटी तीन-चारच. तीन, माणसं ठरलेली: चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, आईपप्पा, जोशीकाकू. चार, विषय कॅलेंडरच पुरवतं: परीक्षा, उन्हाळ्याची सुट्टी, पाऊस, दिवाळी. पाच, आजचा विनोद आजच संपतो. सुट्टीच्या दिवशी पेपर आला नाही किंवा कुणी पान फाडून त्यात भजी बांधली, तरी उद्याच्या वाचकाचं काही बिघडत नाही. चिंटू मोठा होत नाही, त्यामागे हीच सोय आहे. मोठा झाला तर काल काय झालं ते लक्षात ठेवावं लागेल.

मधला एक रस्ता इंद्रजाल कॉमिक्सचा. 1964 मध्ये ते मासिक म्हणून सुरू झालं, पुढे पाक्षिक आणि मग साप्ताहिक झालं. मराठी पोरांनी त्यातूनच वेताळ आणि मँड्रेक ओळखले. पण यातल्या बऱ्याच गोष्टी परदेशी वर्तमानपत्रांत आधीच छापून झालेल्या असत. इथं त्यांची भाषांतरं आणि मांडणी व्हायची. तयार माल हाताशी असेल तर वेग वाढवता येतो. 1990 मध्ये हे कॉमिक्स बंद पडलं.

परदेशातही रोजची चित्रपट्टी हे सोपं काम नव्हतं. चार्ल्स शुल्झ यांनी 'पीनट्स' 1950 पासून 2000 पर्यंत काढली. त्या पन्नास वर्षांत मोठी सुट्टी घेतली ती एकदाच, 1997 मध्ये पाच आठवड्यांची. बिल वॉटरसन यांनी 'कॅल्विन अँड हॉब्स' फक्त दहा वर्षं काढली, त्यातही दोनदा लांब रजा घेतली आणि 1995 च्या शेवटच्या दिवशी थांबले. वाचकांनी दोघांनाही सोडलं नाही. वॉटरसन रजेवर जाताना सांगून गेले होते, आणि तेवढा काळ वर्तमानपत्रांनी जुन्या पट्ट्या छापल्या. वेबवरची 'एक्सकेसीडी' ही चित्रकथा 2005 पासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे वार धरून चालली आहे.

वर्षातून एकदाही चालतं

मराठी वाचकाची एक सवय आपण विसरतो. 1909 मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तिथून वर्षातून एकदा येणाऱ्या अंकाची वाट बघण्याची रीत पडली. शंभरहून जास्त वर्षं झाली, वाचक अजून वाट बघतो. वर्षभर न दिसलेल्या गोष्टीला तो विसरत नाही, कारण ती कधी येणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वाचक तुटतो तो बेभरवशाच्या थांबण्यामुळे.

मग अर्धापुरात काय ठरवायचं?

एक भाग काढायला खरोखर किती तास लागतात, ते आधी मोजा. गोष्ट सुचण्यापासून अक्षरं बसवण्यापर्यंत सगळे धरा. समजा, सहा तास लागले. आता वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. एकीकडे परीक्षा, दुसरीकडे हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी. घरातला प्रत्येक हात कामाला लागलेला. त्या आठवड्यात तुम्हाला तीनच तास मिळणार असतील, तर तुमची मुदत पंधरा दिवसांची. रिकाम्या आठवड्यात जास्त भाग झाले तर ते लगेच टाकू नका, साठवून ठेवा. चार भाग साठले की ताप, पाहुणे, लग्नसराई यांतलं काहीही निभावून जातं.

फीड रोज काहीतरी मागत राहील. छापखान्याला कागद लागायचा, टपालखात्याला 31 दिवसांची हद्द होती, एजंटला पहाटेचा गठ्ठा हवा असायचा. त्या सगळ्यांनी मिळून पूर्वी लेखकाची मुदत ठरवली आणि एका अर्थी त्याला सांभाळलंही. अंक निघून गेला की आठवडाभर कुणी काही मागत नसे. मोबाईलला असा सुटीचा दिवस नाही. तो तुम्हालाच ठरवावा लागेल, आणि मुदतीच्या घोषणापत्रावरची सहीही तुमचीच असेल.

आणखी एक करा. प्रत्येक भागाच्या शेवटच्या चौकटीखाली पुढच्या भागाची तारीख लिहा. मोठी सुट्टी घ्यायची असेल तर परतण्याची तारीख लिहा. गोष्ट संपली असेल तर 'समाप्त' लिहा. पुढे काही न लिहिता गप्प होणं तेवढं टाळा, कारण तिकडे कुणीतरी खरोखर वाट बघत असतं.