अंबरग्रीस : ‘व्हेलची उलटी’ म्हणजे नक्की काय?

मी अंबरनाथचा. इथून समुद्र लांब, तरी आमच्या ग्रुपवर ‘व्हेल माशाची उलटी, किंमत कोटींत’ असे फॉरवर्ड येतातच. म्हणून हे नीट समजून घ्या.

व्हेल मासा नाही, सस्तन प्राणी आहे. आणि ही बहुतेक वेळा उलटीही नसते. स्पर्म व्हेल स्क्विड खातो, त्यांच्या कडक चोची पचत नाहीत. काही व्हेलच्या आतड्यात त्यांच्याभोवती मेणासारखा पदार्थ साचतो, तोच अंबरग्रीस. ताजा असताना त्याला शेणासारखा वास येतो. वर्षानुवर्षं समुद्रात तरंगल्यावर तो सुगंधी होतो आणि परफ्युमचा वास टिकवायला वापरतात. याच प्राण्याचं तेल पूर्वी दिव्यांत, मेणबत्त्यांत, यंत्रांत जायचं. १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

आता मुद्द्याचं. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये स्पर्म व्हेल आहे. त्यामुळे अंबरग्रीस बाळगणं, विकणं गुन्हा. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद. ठाणे, मुंबई, सिंधुदुर्गात अटका झाल्यात. ‘किनाऱ्यावर सापडलं’ हे कारण चालत नाही. सापडलंच तर वनविभागाला कळवा.

व्हिडिओतल्या गरम सुईच्या चाचणीवर तर जाऊच नका, साधं पॅराफिनही सुईने वितळतं. खरं-खोटं लॅबमध्येच कळतं, अंब्रेन हा घटक तपासून.

गंमत म्हणजे परफ्युमवाल्यांना आता व्हेलची फारशी गरजच नाही. तुळशीच्या कुळातल्या क्लॅरी सेजपासून अंब्रॉक्सन बनतं, तुमच्या डिओतही असू शकेल.