ग्लायडिंग सेंटर, पुणे
ग्लायडिंग सेंटर, पुणे हे पुणे-सोलापूर मार्गावरील हडपसर येथील ग्लायडर उड्डाणाचे शासकीय प्रशिक्षण केंद्र आहे. ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत भारतात मुख्यतः परदेशी बनावटीची ग्लायडर वापरली जात. पुढे एस. राममृतम यांनी रचलेली अश्विनी (१९५८) आणि रोहिणी (१९६१) ही दोन आसनी भारतीय ग्लायडर तयार झाली. रोहिणीत शिक्षक व विद्यार्थी शेजारी-शेजारी बसत.

विंचच्या साहाय्याने दोराने ओढून ग्लायडर हवेत चढवले जाते. दोर सुटल्यावर उंची टिकविण्यासाठी वैमानिकाला वर चढणाऱ्या हवेचाच आधार असतो. इंजिन नसल्याने उतरण्याचा अंदाज चुकल्यास पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नाही. त्यामुळे एकट्याने उड्डाण करण्यापूर्वी अचूक उतरण्याचा सराव अत्यावश्यक ठरतो.