गोण्यांचा लसावि

* लासलगावच्या बाजार समितीत (स्थापना १९४७) कांद्याचा लिलाव ट्रॉलीवरच, क्विंटलच्या भावाने होतो. गोण्या नंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर भरतात. समजा, गोण्या ४५ आणि ५० किलोंच्या आहेत. कोणतीही घेतली तरी काही उरू नये, असे लहानात लहान वजन, म्हणजेच लसावि (लघुतम सामाईक विभाज्य), किती? ४५ = ३×३×५ आणि ५० = २×५×५. प्रत्येक मूळ अवयव एका संख्येत जास्तीत जास्त जितक्या वेळा येतो तितक्या वेळा घ्यावा: २×३×३×५×५ = ४५० किलो; दहा गोण्या किंवा नऊ. घाईत ४५×५० करणाऱ्याला २,२५० मिळतात, कारण सामाईक ५ दोनदा मोजला जातो. अपूर्णांकांच्या बेरजेसाठी लसाविचा नियम महावीराचार्यांनी नवव्या शतकातच ‘गणितसारसंग्रहा’त दिला आहे. — संपादक