अवटु ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रतिमादर्शन

गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनालाच्या दोन्ही बाजूंस असलेली अवटु ग्रंथी हॉर्मोने तयार करण्यासाठी रक्तातील आयोडीन शोषून घेते. तिच्या कर्करोगाचे निदान व उपचार या दोहोंचा इतिहास मुख्यतः या गुणधर्माशी निगडित आहे.

आयोडीन कृत्रिम रीत्या किरणोत्सर्गी करता येईल काय, असा प्रश्न बॉस्टन येथील वैद्य सॉल हर्ट्‌झ यांनी १९३६ मध्ये भौतिकीविज्ञ कार्ल कॉम्पटन यांना विचारला. पुढील वर्षी हर्ट्‌झ व आर्थर रॉबर्ट्‌स यांनी सशांवर प्रयोग केले. ग्रंथी असे आयोडीन साठविते, हे त्यांवरून सिद्ध झाले. परंतु त्यांनी वापरलेल्या समस्थानिकाचे अर्धायुष्य केवळ २५ मिनिटे होते. १९३८ मध्ये जॉन लिव्हिंगूड व ग्लेन सीबॉर्ग यांनी बर्कली येथे सु. ८ दिवस अर्धायुष्याचा आयोडीन १३१ हा समस्थानिक शोधून काढला. त्याचे गॅमा किरण शरीराबाहेर येऊन स्थान दर्शवितात, तर बीटा कण थोड्या अंतरातच थांबून लगतच्या कोशिकांचा नाश करतात.

ग्रंथी काढून टाकल्यानंतरही हॉर्मोनाधिक्य असलेल्या एका रुग्णाच्या शरीरात पसरलेल्या गाठी आयोडीन शोषतात, असे न्यूयॉर्क येथील सॅम्युएल सीडलिन व त्यांच्या सहकाऱ्यांना गणित्राच्या साहाय्याने आढळले. त्याच द्रव्याने केलेल्या उपचारांचा त्यांचा वृत्तांत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र बहुतेक कर्कगाठी निरोगी ग्रंथीपेक्षा कमी आयोडीन घेतात. म्हणून आधी शस्त्रक्रियेने ग्रंथी काढावी लागते. मज्जक व अविभेदित प्रकारच्या कर्करोगांवर ही पद्धती चालत नाही.

प्रारंभी गणित्र हाताने सरकवून नोंदी कराव्या लागत. बेनेडिक्ट कॅसेन यांच्या स्वयंचलित क्रमवीक्षकाने (१९५१) ग्रंथीचा आराखडा कागदावर उमटू लागला व हॅल अँगर यांच्या गॅमा कॅमेऱ्याने (१९५८) संपूर्ण क्षेत्र एकाच वेळी दिसू लागले. भारतात मुंबई येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने या उपचारांचा पाया घातला.

१९६० नंतरच्या दशकांत श्राव्यातीत ध्वनीच्या उपयोगाने काही मिलिमीटर आकाराच्या गाठीही दिसू लागल्या. यातून नवा प्रश्न उद्‌भवला. दक्षिण कोरियात अशा तपासण्यांचा प्रसार झाल्यावर २०११ मधील निदानांचे प्रमाण १९९३ च्या सु. १५ पट झाले. मृत्युमान मात्र जवळजवळ तेच राहिले. निरुपद्रवी गाठींसाठी अनेकांना ग्रंथी गमवावी लागली व त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर हॉर्मोन घेणे भाग पडले. त्यामुळे लक्षणे नसलेल्या व्यक्तींची सरसकट तपासणी आता उचित मानली जात नाही आणि निवडक लहान गाठींच्या बाबतीत तत्काळ शस्त्रक्रिया न करता ठराविक काळाने प्रतिमा घेऊन लक्ष ठेवण्यात येते.