डफ, वीणा आणि गिटार : स्वतः रचून गाणाऱ्याचं वाद्य

मंडळी, आजचा प्रश्न असा आहे. जो माणूस स्वतः गाणं लिहितो, स्वतःच चाल लावतो आणि स्वतःच लोकांपुढे गातो, त्यानं हातात कोणतं वाद्य घ्यावं? हल्ली हा प्रश्न ‘सर, गिटार कोणती घेऊ?’ अशा रूपात येतो. बारामतीत येतो, इंदापुरातही येतो. उत्तर बहुधा किमतीचं नाहीतर कंपनीचं मिळतं. आम्ही काही गिटार वाजवत नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे वस्तू घेण्याआधी ‘कशासाठी’ हे विचारायची खोड तेवढी लागली आहे. आणि हा ‘कशासाठी’ याच बारामतीत, सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, एका मोठ्या कवी-गायकापुढे उभा राहिला होता. तो प्रसंग वाद्याच्या निवडीचा म्हणून सहसा कुणी सांगत नाही. आपण आज तसा सांगून पाहू.

मोरोपंतांचा जन्म 1729 चा, पन्हाळ्याचा. पुढे बारामतीकर नाईकांच्या आश्रयानं ते इथं कऱ्हेकाठी आले आणि 1794 मध्ये देह ठेवीपर्यंत इथंच राहिले. दुसरे रामजोशी, सोलापूरचे, मोरोपंतांपेक्षा तिशीहून अधिक वर्षांनी लहान. घराणं शास्त्री-पंडितांचं, पण या गृहस्थांना नाद लागला तमाशाच्या फडाचा. भावानं घराबाहेर काढलं. मग पंढरपुरात राहून संस्कृत शिकले, आणि गंमत बघा, ते संस्कृतही त्यांनी लावणीत आणलं. एक कडवं या भाषेत, दुसरं त्या भाषेत, अशा लावण्या रचणारा हा माणूस.

आख्यायिका अशी, की बारामतीत मोरोपंतांनी त्यांचं कवन ऐकलं, तोंडभरून वाखाणलं आणि ही वाणी भगवंताच्या कामी का लावत नाही असं विचारलं. रामजोशींनी तिथल्या तिथं डफ फोडला आणि कीर्तनाला उभे राहिले. 1947 साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला, तेव्हापासून ही कथा घरोघर माहीत आहे. डफ खरंच फुटला का, याचा पंचनामा आपण करायला नको. रामजोशी कीर्तनकार झाले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून गावोगाव नेल्या, एवढं आपल्याला पुरे.

आता वाद्यांकडे या. आपल्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत : तत म्हणजे तारेची, सुषिर म्हणजे फुंकीची, अवनद्ध म्हणजे कातड्यानं मढवलेली आणि घन म्हणजे टाळ-झांजांसारखी. डफ अवनद्ध. गोल कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं. कातडं सैल पडलं की शाहीर डफ शेकून घेतो, मग तो पुन्हा कडक बोलतो. जोडीला तुणतुणं, एकच तार, सूर आणि ठेका दोन्ही धरणारं. मागं झीलकरी. शाहिरानं ओळ टाकली की झीलकरी ती उचलून ‘जी जी’ करत लांबवतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ मनात जुळवतो. सवाल-जवाबाच्या सामन्यात तर त्या दोन-तीन क्षणांवर सगळा डाव असतो. म्हणजे या वाद्यमेळानं कवीला रचायला वेळ दिलेला आहे. आम्हांला हे फार महत्त्वाचं वाटतं. जो स्वतः रचतो त्याचं चित्त शब्दांवर असतं. त्याला असं वाद्य हवं, जे हात आपोआप वाजवत राहील. डफ, तुणतुणं, एकतारी, चिपळ्या : आपल्या रचनाकार गायकांची ही सगळी वाद्यं पाहा. बोटांची करामत त्यांत थोडी, आधार भरपूर.

मग मोरोपंतांच्या आर्येला डफ का चालू नये? म्हणून बघा एकदा. पंतांच्या बहुतेक आर्या गीती वृत्तातल्या. एका ओळीत 30 मात्रा, बारावर यती, मग अठरा. त्यात समास, त्यात यमकं. एक अक्षर जरी निसटलं तरी अर्थ गेला. थापेचा आवाज टोकदार असतो, तो नेमका व्यंजनावर पडतो. लावणीची ओळ त्या थापेसाठीच घडवलेली असते, थापेनं ती उजळते. आर्या मात्र थापेखाली दबते. तिला मागं अखंड, पण अंगावर न येणारा सूर हवा. तो तंबोऱ्याचा किंवा वीणेचा. वारकऱ्यांची वीणा बघा. विणेकरी तिच्यावर राग वाजवत बसत नाही, तो सूर धरतो. ओळ बदलली तेव्हा वाद्य बदललं, असं आम्ही म्हणू.

पण एवढ्यावर थांबलो तर ते अर्धसत्य होईल. डफ हे फडाचं वाद्य होतं, आणि फडाला त्या काळचा प्रतिष्ठित समाज कमी लेखत होता. रामजोशींना घराबाहेर काढलं ते काही मात्रा चुकल्या म्हणून नव्हे. कातड्याचं वाद्य खाली आणि तारेचं वर, ही उतरंड नाट्यशास्त्रानं लावलेली नाही. ती माणसांच्या उतरंडीवरून आलेली आहे. डफ फोडण्याची कथा भक्तीची म्हणून सांगतात, ठीक आहे. पण फुटलेल्या डफाबद्दल कुणाला हळहळ वाटत नाही, याचं आम्हांला नवल वाटतं.

आणि डफ काही संपला नाही. बारामतीहून तुकोबांच्या पालखीच्या वाटेनं निघा. सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात पोचाल. याच इंदापूरजवळ 1969 मध्ये शाहीर अमर शेख अपघातात गेले. जन्म 1916 चा, बार्शीचा. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर 1944 साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज आणि डफ मैदानं भरून टाकत असे. ते कवीही होते, कवितासंग्रह आहेत त्यांचे. कामगारांच्या सभेत, उघड्यावर, हजारोंच्या पुढे त्यांनी वीणा धरली असती तर पहिल्या चार रांगांपलीकडे काही गेलं असतं का?

योगायोग बघा, त्याच 1916 साली अमेरिकेत मार्टिन कंपनीनं एका दुकानदारासाठी मोठ्या पोटाची गिटार बनवली. नाव दिलं एका ब्रिटिश युद्धनौकेचं, ड्रेडनॉट. दिवाणखान्यातल्या चिमुकल्या गिटारींचा आवाज मोठ्या जागेत पुरत नव्हता. 1931 पासून ती कंपनीच्या स्वतःच्या नावानं विकली जाऊ लागली, आणि आज दुकानात भिंतीवर टांगलेल्या दहांतल्या सहा-सात तिच्याच घाटाच्या दिसतात. खर्ज दणदणीत, जोरानं छेडायला उत्तम. हा झाला गिटारीतला डफ. तुमचं गाणं ठेक्याचं, आवाज खडा, ऐकणारे मैदानात, तर ती घ्या. पण तुम्ही हळू आवाजात, शब्दाला शब्द लावून गाणारे असाल, तर तिचा खर्ज तुमच्या शब्दांवर बसेल. मग लहान पोटाची, बोटांनी छेडायची गिटार बघा. आणि मुलींनो, दुकानदार ‘ही लहान, ही मुलींची’ म्हणेल तिकडे लक्ष देऊ नका. मांडीवर नीट बसते का आणि आवाजाला सोसते का, एवढंच बघा.

पट्टीची काळजी करू नका. काळी चार असो की पांढरी एक, कॅपो लावला की गिटार तुमच्या षड्जाला येते. तारा दाबायला जड जात असतील तर मात्र ती घेऊ नका, कारण मन बोटांत अडकलं की पुढची ओळ सुचत नाही. अखंड लाकडाच्या पाटीची गिटार प्लायवूडवाल्या गिटारीपेक्षा मोकळी बोलते, हे खरं. पण आपल्याकडचा कोरडा उन्हाळा आणि त्यामागून येणारी पावसाळी हवा तिला मानवत नाही. ती पेटीत ठेवायची शिस्त नसेल तर पहिली गिटार प्लायवूडची बरी.

दुकानात जाल तेव्हा दुसऱ्याचं प्रसिद्ध गाणं वाजवून बघू नका. स्वतःचं एक कडवं म्हणा, आणि बरोबरच्या मित्राला पाठ करून दहा पावलांवर उभं करा. त्याला सगळे शब्द कळले का, ते विचारा.